डॉ. कमलाबाई रणदिवे

आमच्या नायगांवाहून परळ कांहीं दूर नाहीं. तेथील टाटा स्मारक रुग्णालयाकडे जाणारे परगांवचे रोगी व त्यांचे आप्त आपण नित्य पाहतों. ह्याच परळांत ज्या विदुषींनीं स्तनांच्या कर्करोगाचा शोध करण्यांत आयुष्य वेंचलें, त्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

कमलाबाईंचा जन्म पुण्यास ता. ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं समर्थ घराण्यांत झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. कन्येनें वैद्यक शिकावें अशी त्यांची इच्छा. परंतु कमलाबाईंचें मन वनस्पति व प्राणी ह्यांच्या शास्त्रांत रमलें. सन १९३९ मध्यें गणितज्ञ श्री. रणदिवे ह्यांच्याशीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. पतीचें त्यांच्या अध्ययनास मोठें साहाय्य झालें.

टाटा रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्यांस गुरु लाभले. उंदरांच्या कांहीं जातींस स्तनांचा कर्करोग पुष्कळदां होतो, कांहींस क्वचित्. असें कां व्हावें हें शोधण्यासाठीं गुरुशिष्यांनीं अशा चार जातींच्या निरोगी स्तनग्रंथींची तुलना केली. सन १९४९ मध्यें कमलाबाईंस मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी. पदवी मिळाली. पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें शरीराबाहेर पेशी जिवंत वाढविण्याची विद्या त्या शिकल्या, आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत त्या विद्येची प्रयोगशाळा त्यांनीं उभारली.

ह्या विद्येचें महत्त्व मोठें आहे. गांठ जागच्या जागीं असे तोंवर शस्त्रवैद्यास बरीच आशा असते. तिच्या पेशी हाडें, फुप्फुसें, यकृत येथें पोंचल्या म्हणजे रोग प्राणघातक होतो. स्तनांतील दुग्धनलिकांभोंवतीं एक पातळ पडदा असतो. अन्न पचविणारीं जशीं एन्झाइमें, तशींच प्रथिनें विरघळविणारीं कांहीं एन्झाइमें रोगट पेशी व त्यांच्या शेजारच्या पेशी अधिक प्रमाणांत निर्माण करतात. त्यांच्या योगें पडदा विरतो व पेशींस बाहेर जाण्यास वाट मिळते. जखम भरतांना निरोगी शरीरासहि अशींच एन्झाइमें लागतात. त्यांस सरसकट रोखणारीं औषधें करून पाहण्यांत आलीं, परंतु यश आलें नाहीं. हें ज्ञान अनेक देशांतील पुढील संशोधकांनीं मिळविलें. जिवंत पेशींवर प्रयोग करण्याची सोय मात्र कमलाबाईंनीं मुंबईंत आधींच करून ठेविली होती.

सन १९६६ ते १९७० पर्यंत त्यांनीं केंद्राच्या संचालकपदाचा भार वाहिला. सन १९८२ मध्यें सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. राजूरकडील आदिवासी मुलांच्या पोषणाचेंहि काम त्यांनीं केलें. सन २००१ मध्यें त्या निवर्तल्या.

परमेश्वरानें दिलेल्या बुद्धीचा असा विनियोग विरळा. ह्या चरित्रावरून आमच्या वाचकांनीं एवढें तरी घरीं जाऊन सांगावें कीं, गांठ आढळल्यास ती लज्जेनें लपवूं नये; पडदा अभंग आहे तोंवरच वैद्याकडे जावें.