आपोआप उघडणारे दरवाजे

मुलांनो, आपला विहार तलाव भरला की जादा पाणी मिठी नदीत जाते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचे पाणीही पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाई, आणि उन्हाळ्यात टंचाई पडे. सांडवा नुसता उंच करावा, तर महापुरात धरणालाच धोका!

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई सरकारचे इंजिनियर होते. म्हैसूर राज्यात जन्मलेले, पण पुण्यात शिकलेले. त्यांनी १९०३ साली सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की ते उघडत, उतरले की मिटत. मध्यरात्री पूर आला तरी माणसाची वाट पाहावी लागत नसे. पाणीसाठाही वाढला.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १९६१ च्या जुलैत वरचे पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही. शंभरीचे विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी ते वारले.