रक्ताच्या कॅन्सरला पहिल्यांदा रोखणारं औषध बनवणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव

१९४७ पर्यंत लहान मुलाला रक्ताचा तीव्र कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया झाला, की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सगळं संपायचं. डॉक्टरांकडे औषधच नव्हतं. पहिलं औषध आलं ते एका भारतीयाच्या टीमकडून.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ चा, आजच्या आंध्र प्रदेशातल्या भीमावरमचा. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्यांच्या आजाराने पाठोपाठ गेले. मद्रासला डॉक्टरकी शिकताना त्यांनी गांधीजींच्या हाकेवर खादी घातली, इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची पदवी हाती आली.

१९२३ मध्ये ते बोस्टनला गेले. हॉस्पिटलात पडेल ते काम करत हार्वर्डमध्ये संशोधन केलं. तिथे कायमची नोकरी मिळाली नाही, म्हणून १९४० मध्ये लेडर्ली या औषध कंपनीत आले. स्प्रूवर उपयोगी पडणारं फोलिक अ‍ॅसिड त्यांच्या टीमने तिथे प्रयोगशाळेत तयार केलं.

बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक अ‍ॅसिडची संयुगं दिली, तर आजार उलट बळावताना दिसला. मग त्यांनी उलटा विचार केला: हेच खाद्य तोडलं तर? सुब्बारावांच्या टीमने दिसायला फोलिक अ‍ॅसिडसारखं, पण त्याचं काम अडवणारं अमिनोप्टेरिन बनवलं. १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. आजार पुन्हा उलटला, पण तो मागे हटू शकतो हे पहिल्यांदाच कळलं.

हे घडलं कसं? एका पेशीच्या दोन होण्याआधी डीएनएची नक्कल व्हावी लागते. त्यासाठी फोलिक अ‍ॅसिड लागतं आणि ते वापरण्याजोगं करणारं एक प्रथिनही. औषध त्या प्रथिनालाच चिकटतं. नक्कल अर्धवट राहते आणि पेशी मरते.

पुढचा भाग कळायला आणखी काही दशकं गेली. सायक्लिन नावाची प्रथिनं पेशीला विभाजनाकडे ढकलतात, तर पी१६ आणि आरबी ब्रेक लावतात. मुलांच्या ल्युकेमियात पी१६ चं जनुक अनेकदा नाहीसं झालेलं असतं. ब्रेक सुटलेल्या पेशी अस्थिमज्जेत गर्दी करतात आणि रक्तावाटे शरीरभर पसरतात. आरबीचा ब्रेक सुटला की जी जनुकं चालू होतात, त्यांत सुब्बारावांच्या औषधाने अडवलेल्या त्याच प्रथिनाचं जनुकही आहे.

हे सगळं पाहायला ते उरले नाहीत. फार्बर यांचा अहवाल जून १९४८ मध्ये छापून आला आणि ऑगस्टमध्ये, ५३ व्या वर्षी, सुब्बाराव हृदयविकाराने गेले. भारतात परतणं झालंच नाही. अमिनोप्टेरिनचं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट मात्र आजही ल्युकेमियाच्या मुलांना दिलं जातं.