अणुखात्याचा पगार आणि अणूला विरोध: फोटो लहान करणाऱ्या गणितामागचे डी. डी. कोसंबी

शेलूबाजारच्या माझ्या भाच्याने इलेक्ट्रॉनिक्स केलंय आणि सध्या त्याच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. एक पुण्यात, पाण्याचे मीटर बनवणाऱ्या छोट्या कंपनीत. दुसरी नागपूरकडे, लष्करासाठी ड्रोन बनवणाऱ्या ठिकाणी, आणि तिथला पगार जवळपास दुप्पट. त्याने मला विचारलं, मामा, जी वस्तू माणसावर पडण्यासाठीच बनते तिचं सॉफ्टवेअर लिहून घर चालवायचं का? घरावर कर्ज आहे, त्यामुळे प्रश्न हवेतला नाही.

विदर्भाला हा प्रश्न नवाही नाही. पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती, भंडारा आणि नागपूरच्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, यांच्या पगारावर आपल्याकडची कितीतरी घरं उभी राहिली, पोरं शिकली. फरक एवढाच की आता कोडिंग येणाऱ्या पोरांनाही तिकडून बोलावणं येतं. नागपूरला बनणारं नागास्त्र-१ माहीत असेल तुम्हाला: आकाशात घिरट्या घालत राहायचं, लक्ष्य सापडलं की स्वतःच त्यावर जाऊन आदळायचं. त्यात बारूद जितकी महत्त्वाची, तितकाच कॅमेरा आणि कोड.

मी भाच्याला थेट उत्तर दिलं नाही. एका माणसाबद्दल सांगितलं, तेच इथे लिहितोय. त्या माणसाचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतात. पण या साइटवर त्यांचा विषय निघायचं कारण वेगळं आहे. तुम्ही आज सकाळी व्हॉट्सॲपवर जो फोटो पाठवला, तो काही एमबींवरून काही केबींवर कसा आला, याच्या मुळाशी त्यांचं गणित आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. पगाराचा विचार या घरात कसा व्हायचा ते आधी बघा. धर्मानंदांनी कलकत्ता विद्यापीठातली कितीतरी जास्त पैशांची नोकरी सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून महिना ५० रुपयांचं मानधन घेऊन महाराष्ट्रात राहून लिहिणं पसंत केलं. शेवटी त्यांनी देह ठेवला तो आपल्याजवळच, वर्ध्याच्या सेवाग्राममध्ये, १९४७ साली.

धर्मानंदांना अमेरिकेत हार्वर्डला ग्रंथ संपादनाचं काम मिळालं आणि १९१८ मध्ये ते मुलाला सोबत घेऊन गेले. तिथे शाळा, मग हार्वर्ड विद्यापीठ, १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी. याच काळात नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाशी त्यांची ओळख झाली. सायबरनेटिक्स हा शब्द ज्यांनी रूढ केला, तेच हे वीनर. पुढे त्यांच्याकडे परत येऊ.

भारतात आल्यावर बनारस, मग अलीगढ, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे त्यांनी बारा-एक वर्षं गणित शिकवलं आणि बाजूला काय काय केलं त्याची यादी बघून दमायला होतं. जुनी ठोशाची चांदीची नाणी अचूक तराजूवर एक-एक करून तोलली, हजारोंनी. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन कमी होतं. त्यामुळे वजनांच्या आकडेवारीवरून कुठलं नाणं किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे डेटा सायन्सच, पण कॉम्प्युटरशिवाय.

आता ते फोटोवालं गणित. १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. त्यातली कल्पना सोप्या भाषेत सांगतो. समजा आपल्या गावाचं दर तासाचं तापमान वर्षभर नोंदवलं. रोजचे २४ आकडे, असे ३६५ दिवस. पण हे आकडे एकमेकांपासून सुटे नसतात. बहुतेक दिवसांचा आलेख दोन-तीन मूळ आकारांच्या मिश्रणातून तयार करता येतो: एक आकार दिवस एकूण किती तापला ते सांगतो, दुसरा सकाळ-दुपारचा फरक किती ते सांगतो, आणि असंच पुढे. हे मूळ आकार एकदा सापडले की प्रत्येक दिवसासाठी २४ ऐवजी दोन-तीन आकडे ठेवले तरी भागतं. कमीत कमी आकड्यांत जास्तीत जास्त माहिती देणारे ते मूळ आकार कसे शोधायचे, हा तो सिद्धांत. पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह हेही स्वतंत्रपणे तिथेच पोचले आणि जगभर त्या दोघांचंच नाव जास्त चाललं. आता बऱ्याच ठिकाणी कोसंबींचं नावही सोबत जोडतात, आणि ते योग्यच आहे.

फोटोसाठी ही पद्धत जशीच्या तशी वापरणं जड जातं, कारण मूळ आकार दर वेळी नव्याने शोधावे लागतात. मूळ बंगळुरूचे नसीर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसोबत दाखवलं की ठरावीक कोसाइन लाटा वापरल्या तरी फोटोंच्या बाबतीत निकाल जवळपास तेवढाच चांगला येतो. जेपीईजी त्यावर चालतं: फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा लाटांत मोडायचा, आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या लाटा टाकून द्यायच्या. कॉम्प्युटरला चेहरा ओळखायला शिकवण्याच्या सुरुवातीच्या पद्धतींतही कोसंबींच्या सिद्धांतातलंच गणित होतं.

१९४४ मध्ये त्यांनी जनुकशास्त्रात आणखी एक सूत्र दिलं. दोन जनुकं गुणसूत्रावर एकमेकांपासून किती लांब आहेत हे काढायचं सूत्र. पिकांच्या जनुकांचा नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोसंबी हा पर्याय आजही निवडायला मिळतो.

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावून घेतलं. गणित करणाऱ्या माणसाला देशात याहून चांगली जागा नव्हती. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची फेलोशिप घेऊन ते इंग्लंड आणि अमेरिकेत गेले, तेही कॉम्प्युटर नावाची नवी यंत्रं समजून घ्यायला. बहुतेक भारतीयांनी तोवर कॉम्प्युटर हा शब्दही ऐकला नव्हता.

आणि इथून पुढे गाडं अवघड होत गेलं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा-नागासाकी झालं होतं. १९४८ मध्ये भारतात अणुऊर्जा आयोग नेमला गेला, अध्यक्ष भाभा. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग आला आणि टीआयएफआरचा बहुतेक खर्च त्या विभागाकडून होऊ लागला. संस्था बॉम्ब बनवत नव्हती, हे स्पष्ट सांगतो. सरकारची जाहीर भूमिका शांततेसाठी अणू अशीच होती. पण देशाच्या अणुकार्यक्रमासाठी माणसं आणि ज्ञान तयार होत होतं ते त्याच संस्थेत.

कोसंबी त्याच काळात जागतिक शांतता चळवळीत उतरले. अण्वस्त्रबंदीसाठी बीजिंग, हेलसिंकी, मॉस्को अशा ठिकाणच्या परिषदांना गेले. तेवढ्यावर थांबते तरी कदाचित चाललं असतं. पण त्यांनी घरच्या अणुकार्यक्रमावरही बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अणुवीज महाग, तिच्यासाठी परदेशी भांडवल आणि तंत्र लागणार, किरणोत्सारी कचऱ्याचं काय करायचं ते कुणी नीट सांगत नाही. आणि आपल्या देशावर तर वर्षातले बहुतेक दिवस ऊन फुकट पडतं, मग संशोधनाचा पैसा तिकडे का नाही? १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी हेच मांडलं. अणुखात्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचा प्राध्यापक हे जाहीरपणे बोलतोय, विचार करा.

यात त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मला वाटत नाही. सिलिकॉनचा सौर सेल १९५४ मध्ये बेल लॅबमध्ये तयार झाला होता, पण १९६० मध्ये तो इतका महाग होता की त्यावर शेतातला पंप चालवायचं कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं. भाभांच्या बाजूनेही म्हणण्यासारखं होतं: नव्या देशाला स्वतःचं अवघड तंत्रज्ञान उभं करायचंय, आणि ते एका रात्रीत येत नाही. आज मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून शेतात पॅनल लागतायत, म्हणून कोसंबी तेव्हाच बरोबर ठरले असं म्हणणं फार सोपं आहे. संशोधनाचा पैसा कुठे घालावा हा त्यांचा प्रश्न मात्र बरोबर होता.

भाच्याने इथे मला अडवलं. म्हणे, मग ते पगार का घेत राहिले?

चांगला प्रश्न आहे. त्यांनी तिथे १६-१७ वर्षं पगार घेतला. पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन-येऊन नोकरी केली, प्रवासात वाचन-लेखन केलं. त्यांचं स्वतःचं काम शुद्ध गणिताचं होतं, शस्त्रांचं नव्हतं, त्यामुळे नोकरी सोडायची गरज त्यांना वाटली नसावी. माझ्या मते त्यांनी आपली रेघ वेगळ्या जागी ओढली. पगार घ्यायचा, पण पगारासोबत गप्प बसणं घ्यायचं नाही. रेघ ओढायला ही सगळ्यात अवघड जागा, कारण रोज त्याच लोकांत वावरायचं असतं.

त्यांचे जुने परिचित वीनर यांनी ती दुसरीकडे ओढली होती. दुसऱ्या महायुद्धात वीनर स्वतः विमानविरोधी तोफांच्या नेमाचं गणित करत होते. हिरोशिमानंतर ते बदलले. एका विमान कंपनीत क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या माणसाने त्यांच्या युद्धकाळातल्या लेखाची प्रत मागितली, तेव्हा त्यांनी नकार दिला, आणि ते नकाराचं पत्र जानेवारी १९४७ च्या अटलांटिक मंथली मासिकात छापून आलं. लष्कराचं काम पुन्हा घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पण एमआयटीमधली त्यांची प्राध्यापकी शाबूत राहिली, आणि त्या एमआयटीला लष्कराचा पैसा भरपूर येत होता. शिवाय त्यांच्या नकाराने क्षेपणास्त्रं थांबली नाहीत.

कोसंबींची नोकरी मात्र गेली. १९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कारण एकच होतं असं समजू नका. गणिताऐवजी इतिहास आणि संस्कृतात त्यांचा वेळ जातो ही तक्रार होती. स्वभाव तिखट, समोरच्याचं मन राखणं जमत नसे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, रीमान हायपोथेसिस हा गणितातला सुप्रसिद्ध न सुटलेला प्रश्न सोडवल्याचा दावा त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. तो चुकीचा होता, आणि गणितज्ञांमधली त्यांची पत त्याने घसरली. अणूवरची टीका यात किती आणि बाकीचं किती, यावर त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांत आजही एकमत नाही. मला वाटतं, एरवी खपून गेलं असतं असं बरंच काही, वरचे लोक आधीच नाराज असल्यामुळे खपलं नाही. नोकरीत हे असंच होतं. तुम्ही तत्त्वासाठी बोललात म्हणून काढलं, असं कागदावर कुणी लिहून देत नाही.

भाच्याला मी यातून जे सांगितलं ते एवढंच. पहिलं, कोडची दिशा नंतर आपल्या हातात राहत नाही. कोसंबींचं गणित लग्नाचे फोटो लहान करतं आणि लक्ष्य ओळखणाऱ्या यंत्रणांतही शिरतं. पाण्याच्या मीटरमधली चिपसुद्धा कुठेही बसू शकते. म्हणून आपला हात कशाला थेट लागतोय आणि कशाला लांबून, एवढं तरी ऑफर घेण्याआधी विचारून घे. टीम नेमकं काय बनवते, ते कोण विकत घेतं, फक्त आपलं सैन्य की निर्यातही आहे. दुसरं, आपल्या गावची पोरं सीमेवर उभी आहेत, त्यांना चांगला ड्रोन मिळावा असं वाटणं हेही नीतीच आहे, ते कमी लेखू नको. आणि पगार दुप्पट असेल तर कर्ज किती वर्षांत फिटतं ते आधी मांड. कर्ज फिटेपर्यंतच जायचं असेल तर ती तारीख कागदावर लिही, कारण दुप्पट पगाराची सवय लागली की तारखा पुढे सरकतात.

नोकरी गेल्यावर कोसंबी पुण्यातच राहिले. १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी जोडून. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं पुस्तक आलं, ते आजही विद्यापीठांत वाचलं जातं. टेकड्यांवर फिरून अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं गोळा करणं चालूच होतं. भाभा जानेवारी १९६६ मध्ये आल्प्समधल्या विमान अपघातात गेले. कोसंबी २९ जून १९६६ ला, झोपेतच, ५८ व्या वर्षी.

पुढे १९७४ च्या जानेवारीत नसीर अहमद आणि सहकाऱ्यांचा तो कोसाइन लाटांचा लेख छापून आला. त्याच वर्षी १८ मे ला पोखरणला भारताचा पहिला अणुस्फोट झाला.