स्वतःचा छापखाना हवा!

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. हीच वाशिष्ठी वर चिपळूणहून येते. रस्ते नव्हते तेव्हा चिपळूणचा माल आणि माणसं याच खाडीतून होड्यांनी ये-जा करत. घाट चढून पुण्यात स्थायिक झालेल्या कितीतरी घराण्यांनी आडनावात आपलं गाव मात्र जपलं. चिपळूणकर त्यातलेच.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा जन्म २० मे १८५० चा, पुण्यातला. वडील कृष्णशास्त्री मोठे विद्वान. अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणणारे ते हेच. सरकारदरबारी त्यांना मान होता. मुलगाही १८७२ साली बी. ए. झाला, सरकारी शाळेत मास्तर झाला. म्हणजे चांगलं बस्तान बसलेलं घर. कोणत्याही आईला वाटेल, आता पोरानं शहाण्यासारखं वागावं.

पण पोराच्या डोक्यात वेगळंच होतं. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक काढलं. सात वर्षांत ८४ अंक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा! दिवसा शाळेत शिकवायचं आणि उरल्या वेळात लिहायचं. इंग्रजी शिकलेल्यांना तेव्हा मराठीची लाज वाटायची. शास्त्रीबुवांनी त्यांना दाखवून दिलं की गंभीर विषय, थट्टा, भांडण, सगळं मराठीत ऐटीत मांडता येतं. स्वतःला ते मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेत. गर्व होताच, पण त्यामागे कष्टही होते.

त्यांचे विचार आज वाचताना मात्र आपण बायका थोड्या अडखळतो. धर्म, परंपरा, आपला इतिहास यांचा त्यांना जाज्वल्य अभिमान. साहेबाच्या आणि मिशनऱ्यांच्या तोंडून आपल्या समाजाचे दोष ऐकणं त्यांना सहन होत नसे, आणि ते दोष दाखवणारा आपला माणूस असला तरी त्याचीही ते गय करत नसत. लोकहितवादींवर त्यांनी झोड उठवली. जोतीराव फुल्यांच्या मराठीची, व्याकरणाची टर उडवली. ज्या फुले दांपत्यानं १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्यांच्या कामाचं मोल या विद्वानाला कळू नये, ही गोष्ट मनाला लागतेच. लेखणी धारदार होती, पण चुकीच्या माणसावर चालली, असं मला तरी वाटतं.

मासिक लिहून त्यांचं समाधान झालं नाही. विकायला दुकान हवं म्हणून ‘किताबखाना’ काढला. जुन्या बखरी आणि काव्यं धूळ खात पडलेली, ती छापायला १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला. त्यात काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक बरोबर होते. त्याच सुमारास ‘चित्रशाळा’ निघाली. देवादिकांची रंगीत चित्रं छापून घरोघर पोचवणारी ही संस्था. रामपंचायतनाचं ते जुनं चित्र आठवतंय ना? माजघरात लागलेली असली चित्रं म्हणजे, ज्या बायकांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत पोचलेला छापखानाच की!

मध्येच त्यांची रत्नागिरीच्या हायस्कुलात बदली झाली. पुणं सुटलं, छपाईची कामं लांब राहिली. वडील १८७८ मध्ये गेले होते, घरची जबाबदारी अंगावर. तरीही १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पगार बंद, पेन्शन नाही. घरच्या बाईमाणसांच्या पोटात तेव्हा किती गोळा आला असेल, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढची दोनच वर्षं धामधुमीची. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं, टिळक सोबतीला. मग आगरकर, नामजोशी, आपटे आले. स्वतःचा ‘आर्यभूषण’ छापखाना उभा राहिला. त्याचं सामान या मंडळींनी स्वतः वाहून नेलं, असं सांगतात. आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. गंमत बघा, ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर, पक्के सुधारक! एका छपराखाली दोन टोकं.

१७ मार्च १८८२ ला विष्णुशास्त्री गेले. बत्तीसही पूर्ण झाले नव्हते. त्यांच्या ‘आमच्या देशाची स्थिति’ या निबंधाची मात्र सरकारला पुढे इतकी धास्ती वाटली, की १९१० मध्ये तो जप्त केला. बंदी उठली १९३७ मध्ये.

आगरकरांनी पुढे ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. शास्त्रीबुवांच्या शाळेतूनच १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ चं फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. टिळक तिथून बाहेर पडल्यावर १८९१ मध्ये गणित शिकवायला आले ते धोंडो केशव कर्वे. आपल्या दाभोळहून उत्तरेला किनाऱ्यानं गेलं की लागणाऱ्या मुरूडचे. त्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, गावानं वाळीत टाकलं. पण कॉलेजातली नोकरी टिकली, आणि त्या पगाराच्या आधारावरच १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम निघाला.