शाळा मुलाकडे नेणाऱ्या ताराबाई

आपल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यात, कोसबाडची टेकडी आहे. चिकूच्या वाड्या आणि वारली पाडे यांच्या सोबतीने उभ्या असलेल्या या टेकडीचे नाव भारताच्या बालशिक्षणाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले, ते ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांच्यामुळे. ताराबाईंचे चरित्र आपण शाळेत वाचलेले असते. परंतु त्यांच्या कार्याची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. जे मूल शाळेच्या चौकटीत बसत नाही, त्याचे काय करायचे, या प्रश्नाला त्यांनी आयुष्यभर दिलेले उत्तर ही ती बाजू होय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे. त्यामुळे मुलींनी शिकावे, हा विचार घरातच होता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्या वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ साली त्या लहानग्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. परंतु ताराबाई खचल्या नाहीत. राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली.

१९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, आणि येथे त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली. गिजुभाईंनी मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर बालमंदिर उभारले होते. छडी नाही, धाक नाही, घोकंपट्टी नाही. मूल आपल्या हातांनी, आपल्या गतीने शिकते, आणि शिक्षकाने आधी त्याचे निरीक्षण करायचे, ही तेथील रीत.

या पद्धतीचे मूळ कोठे आहे, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १८०० सालच्या सुमारास फ्रान्सच्या जंगलात सापडलेल्या, न बोलणाऱ्या एका मुलाला इतार नावाच्या डॉक्टरांनी शिकवण्याचा प्रयत्न केला. तो मुलगा स्वमग्न असावा, असे आज काही अभ्यासकांना वाटते. इतार यांचे काम सेगँ यांनी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी पुढे नेले. माँटेसरीबाई रोममध्ये डॉक्टर होत्या. वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली मुले त्यांनी पाहिली आणि या दोघांचे ग्रंथ अभ्यासले. १९०० साली त्या अशा मुलांच्या शिक्षणसंस्थेत काम करू लागल्या आणि तेथील काही मुले साध्या मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. मग त्यांना प्रश्न पडला, की ही मुले इतके करू शकतात, तर आपल्या नेहमीच्या शाळा धडधाकट मुलांना मागे तर ठेवत नाहीत ना? त्या प्रश्नातून १९०७ साली त्यांचे पहिले बालगृह निघाले. म्हणजे ज्या मुलांना समाजाने टाकून दिले होते, त्यांनीच जगाला शिकवण्याची एक नवी रीत दिली. तीच रीत रोमहून भावनगरला आणि भावनगरहून आपल्या बोर्डी-कोसबाडला आली.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गुजराती आणि मराठी शिक्षणपत्रिकेतून ताराबाई पालकांशी सातत्याने बोलत राहिल्या. १९३६ साली त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. संस्था नावारूपाला आली, मान मिळाला. येथे एखाद्याने समाधान मानले असते. ताराबाईंना मात्र एक गोष्ट खटकत होती. हे शिक्षण शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतेच राहिले होते.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बालविधवा असूनही जिद्दीने शिकलेल्या अनुताई याच वेळी त्यांना येऊन मिळाल्या. पण बालवाडी उघडली म्हणून आदिवासी मुले येईनात. पोटाची भ्रांत, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी आणि शाळेचे भय, अशी अनेक कारणे होती. पोरांना शिकायचेच नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी दोष मुलांकडे न देता शाळेकडे दिला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात गेले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका पाड्यांवर जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, माती आणि बांबू आले. यातूनच अंगणवाडी जन्माला आली. पुढे १९५६-५७च्या सुमारास केंद्र कोसबाडला गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, तिला कुरणशाळा म्हणत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तो पाहायला त्या उरल्या नव्हत्या.

ताराबाईंनी स्वमग्न मुलांसाठी वेगळी शाळा काढली नाही. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत या अवस्थेचे वर्णन केले ते १९४३ साली. आपल्याकडे तो शब्दही तेव्हा रुळलेला नव्हता. १९९५च्या अपंग कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत तिला स्थान दिले. सरकारमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीने शिकवावे, असे हा कायदा सांगतो.

परंतु कायदा दार उघडतो, आत घेणारी माणसे असावी लागतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांसाठी देशभरातून कुटुंबे येथे आली आहेत. त्यांतल्या एखाद्या घरात नजरेला नजर न देणारे, गोंगाटाने कानांवर हात ठेवणारे, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणारे मूल असेल, तर त्याच्या आईला सल्ले मिळतात, टोमणे मिळतात, लाडावून ठेवल्याचा आरोपही ऐकावा लागतो. हे मूल आमच्या शाळेत बसणार नाही, हे वाक्य तर ठरलेलेच. वारली मुलांविषयी पूर्वी हेच म्हटले जाई. गरिबी आणि स्वमग्नता या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा उपाय दुसरीला चालणार नाही. पण नकार मात्र सारखाच आहे, आणि तो देणारी शाळाही तीच आहे.

आपल्यापैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील, सगळेच कुणाचे तरी शेजारी होतील. पुढचा वर्ग थोडा शांत ठेवणे, बोलता न येणाऱ्याला चित्र दाखवू देणे, दिवसाचा क्रम आधी सांगून ठेवणे, यासाठी फार पैसा लागत नाही. शिंपले आणि बिया गोळा करायलाही लागला नव्हता. लागते ती ताराबाईंची दृष्टी. मुलाला शाळेच्या मापात कापण्याआधी त्यांनी शाळेचे माप बदलून पाहिले, आणि तेही आपल्याच जिल्ह्याच्या मातीत.