पाळी नसतानाही सावध : फेबियन स्टेडमन

आपल्या चर्चची घंटा वाजली की मिस्सेची वेळ झाली, त्रिकाल प्रार्थनेची वेळ झाली की कुणाला देवाज्ञा झाली, हे आपण आवाजावरून ओळखतो. इंग्लंडमध्ये मात्र चर्चच्या घंटा वाजवण्याची एक निराळीच कला सतराव्या शतकापासून चालत आली आहे. तिचे जनक मानले जाणारे फेबियन स्टेडमन यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

स्टेडमन यांचा जन्म १६४० साली हेरफर्डशायरमधील यार्कहिल या खेड्यात झाला. वडील अँग्लिकन धर्मगुरू होते. पंधराव्या वर्षी फेबियन लंडनला आले आणि एका मुद्रकाकडे उमेदवारी करू लागले.

त्या काळी लंडनचे तरुण घंटा वाजवण्यासाठी हौसेने चर्चच्या मनोऱ्यांत जमत. तेथे प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली असते. दोर ओढला की ती पूर्ण गिरकी घेते. एवढी जड घंटा मनात येईल तेव्हा वाजवता येत नाही. पुढच्या फेरीत ती फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकते. म्हणून तेथे गाण्याची चाल वाजत नाही. दर फेरीला घंटांचा क्रम बदलायचा आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही, हा नियम. पाच घंटांचे असे १२० क्रम होतात, सात घंटांचे ५०४०. ते सारे वाजवायला सुमारे तीन तास लागतात आणि सर्व काही तोंडपाठ असावे लागते.

स्टेडमन १६६४ साली 'कॉलेज यूथ्स' या वादकांच्या मंडळात सामील झाले. या कलेवरचे पहिले पुस्तक रिचर्ड डकवर्थ यांनी लिहिले. ते १६६८ साली स्टेडमन यांनी प्रकाशित केले. १६७७ साली त्यांचे स्वतःचे 'कॅम्पॅनॅलोजिया' हे पुस्तक आले. पोटासाठी ते पुढे अबकारी खात्यात हिशेब तपासत. १६८२ साली ते आपल्या मंडळाचे प्रमुख झाले.

त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत शिकणाऱ्याला आजही घाम फोडते. इतर अनेक पद्धतींत एक घंटा सोप्या, ठरलेल्या वाटेने जाते आणि बाकीचे तिच्या आधाराने आपली जागा ओळखतात. स्टेडमन यांच्या पद्धतीत असा आधार नाही. सर्व घंटांना सारखेच काम. पुढच्या तीन घंटा आपसातले सहा क्रम वाजवतात. पुढच्या खेपेस तेच उलट्या दिशेने. उरलेल्या घंटा मागे जोडीजोडीने जागा बदलत आपल्या पाळीची वाट पाहतात. पुढे येण्याच्या वाटा दोन : एक जलद, एक संथ. मागच्या वेळी आपण कोणत्या वाटेने गेलो होतो आणि पुढे आता कोणती खेप चालू आहे, याचे भान मागे असतानाच ठेवावे लागते. ते सुटले, तर घंटा चुकीच्या क्षणी पुढे शिरते आणि सर्वांचीच घडी विस्कटते. चूक दिसते ती पुढे आल्यावर. घडलेली असते ती मागे असताना.

आम्हाला या माणसाची ओढ वाटली ती येथे. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते आणि त्यांचे सोबतीही भक्तीपेक्षा हौसेसाठीच मनोरा चढत. तरीही धर्मग्रामाला उपयोगी पडेल असा धडा त्यांच्या पद्धतीत आहे. कमिटीतून निवृत्त झालेले, आजारपणामुळे घरी असलेले, गायकवृंदात अजून संधी न मिळालेले तरुण, यांना वाटते की आता आपले काही काम नाही. आम्हालाही प्रवचन दुसऱ्या फादरांचे असले की मन भटकू देण्याचा मोह होतो. पण मागे थांबणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे. पुढे काय चालले आहे ते ऐकत राहणे, हीसुद्धा सेवाच.

नोव्हेंबर १७१३ मध्ये लंडनच्या सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट चर्चमध्ये स्टेडमन यांचे दफन झाले. त्यांची पद्धत आजही वाजते. पुढच्या रविवारी घंटा वाजेल तेव्हा, आपली पाळी असो वा नसो, आपण सावध असू या.