हेलन केलरची बाई : अ‍ॅन सलिव्हन

आपल्या समाजातील पुष्कळ मुलींनी शिक्षकी पेशा पत्करला. देश सोडल्यावर काहींनी परक्या भाषेतही मुलांना शिकविले. नव्या वर्गात पहिल्या दिवशी जिवाची काय अवस्था होते हे त्यांना सांगायला नको. हेलन केलरचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिची बाई प्रथम तिच्यासमोर उभी राहिली तेव्हा ती स्वतः अगदी नवखी होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अ‍ॅन सलिव्हनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. आईबाप आयर्लंडहून आलेले, घरी अठराविश्वे दारिद्र्य. पाचव्या वर्षाच्या सुमारास खुपऱ्यांच्या रोगाने तिची दृष्टी अधू झाली. पुढे आई वारली. १८७६ साली ती व तिचा धाकटा भाऊ ट्यूक्सबरीच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या आश्रमात आली. तो भाऊ तेथेच काही महिन्यांत गेला. १८८० साली आश्रमाची तपासणी करायला मंडळी आली, तेव्हा या मुलीने धीर करून आपल्याला शाळेत जायचे आहे असे त्यांना सांगितले. अशा रीतीने ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली. तेथे असताना डोळ्यांवर शस्त्रक्रिया होऊन तिला बरेचसे वाचता येऊ लागले. १८८६ साली ती वर्गात पहिली आली.

त्याच सुमारास अलाबामातील केलर कुटुंबाने आपल्या आंधळ्या व बहिऱ्या मुलीसाठी शिक्षिका मागितली. अ‍ॅनजवळ अनुभव नव्हता. तिने काय करावे? याच शाळेत डॉ. हाऊ यांनी अनेक वर्षांपूर्वी लॉरा ब्रिजमन या आंधळ्या-बहिऱ्या मुलीला शिकविले होते. डॉक्टर हयात नव्हते, पण त्यांच्या नोंदी होत्या. अधू डोळ्यांनी अ‍ॅनने कित्येक महिने त्या वाचल्या. लॉरा तर अजून शाळेतच राहत होती. तळहातावर बोटांनी अक्षरे काढण्याची रीत अ‍ॅन तिच्याशी बोलता बोलता शिकली. म्हणजे शिष्येकडूनच शिक्षिकेला धडा मिळाला.

३ मार्च १८८७ रोजी वीस वर्षांची ही बाई टस्कंबियाला पोहोचली. पावणेसात वर्षांची हेलन हट्टी होती, दुसऱ्यांच्या ताटांत हात घालून जेवत होती. तिचे रडणे घरच्यांना पाहवत नसे. तेव्हा बाईने तिला बागेतील लहान घरात वेगळे ठेवले. सुमारे दोन आठवड्यांत मुलगी शांत झाली. हेलन अक्षरांची नक्कल करी, पण अर्थ तिला कळत नसे. ५ एप्रिल रोजी पंपाचे पाणी एका हातावर पडत असताना बाईने दुसऱ्या हातावर तो शब्द लिहिला, आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला उमगले. काही तासांतच ती तीसएक शब्द शिकली.

पुढची गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. हेलनच्या नात्यातील एक पंधरा महिन्यांचे मूल होते. त्याला कोणी धडे देत नव्हते, तरी त्याला बोललेले कळत होते. हे पाहून बाईने ठरावीक वेळेचे धडे बंद केले आणि हेलनच्या हातावर पूर्ण वाक्यांत बोलणे सुरू केले. डॉक्टरांच्या नोंदींनी वाट दाखविली, परंतु पुढची वाट या लेकराने दाखविली.

या काळात तिला मनातले सांगायला एकच जागा होती. पर्किन्समधील गृहमाता सोफिया हॉपकिन्स यांनी तिला लेकीसारखी माया लावली होती. त्यांना लिहिलेल्या पत्रांत अ‍ॅनने आपली फसलेली युक्ती, आपला तापट स्वभाव, आपले अपुरे शिक्षण, काही लपविले नाही. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून केलेला गवगवाही तिला रुचला नाही. त्यातील पुष्कळ पत्रे १९०३ साली हेलनच्या आत्मचरित्राबरोबर छापली गेली, व जगातील शिक्षकांच्या उपयोगी पडली.

१९०४ साली हेलन रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. तेथील व्याख्याने बाईनेच तिच्या हातावर उतरविली होती. त्यात स्वतःच्या डोळ्यांची तिने पर्वा केली नाही, आणि अखेरीस दृष्टी जवळजवळ गेली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी सत्तराव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ती निवर्तली.

आपल्या घरातील एखादी मुलगी नव्याने शिकवू लागली असेल आणि संध्याकाळी हिरमुसून घरी येत असेल, तर तिला ही कथा अवश्य सांगावी. तिची फजितीही ऐकून घ्यावी. सोफियाबाईंनी तेवढेच केले होते, आणि ते थोडे नव्हते.